टेलर स्विफ्टच्या अल्बमवरून तिच्याच चाहत्यांमध्ये एवढं का जुंपलं?

३ ऑक्टोबर २०२५ रोजी टेलर स्विफ्ट या अमेरिकन गायिकेचा 'द लाइफ ऑफ अ शोगर्ल' (शोगर्ल म्हणजे झगमगीत कपड्यांत रंगमंचावर नाचणारी-गाणारी बाई) हा बारावा स्टुडिओ अल्बम आला. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन मासिकाने त्याला पाचपैकी पाच तारे दिले, लंडनच्या 'गार्डियन'ने पाचपैकी दोन. 'पिचफोर्क' या संगीतविषयक संकेतस्थळाने दहापैकी ५.९ गुणांवर बोळवण केली. त्याच आठवड्यात अमेरिकेत या अल्बमच्या ४० लाखांहून जास्त प्रतींची नोंद झाली. विक्री इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मोजायला १९९१ मध्ये सुरुवात झाली, तेव्हापासून एका आठवड्यात इतका मोठा आकडा कुणाचाच नव्हता.

समीक्षकांमधले मतभेद नवे नाहीत. नवल होतं ते चाहत्यांचं. पंधरा-पंधरा वर्षं तिची गाणी तोंडपाठ असणारे लोक एकमेकांवर तुटून पडले. कुणी म्हणालं, इतकं मोकळं, आनंदी काम तिने कित्येक वर्षांत केलं नव्हतं. कुणी म्हणालं, हे शब्द तिचे वाटतच नाहीत.

आपल्याकडेही ज्या घरात पंधरा-वीस वर्षांची मुलं आहेत, तिथे हे नाव रोजच्या बोलण्यातलं आहे. तिचा 'इराझ टूर' भारतात आला नाही, तेव्हा मार्च २०२४ मध्ये इथले कितीतरी चाहते सिंगापूरच्या सहा कार्यक्रमांपैकी एखाद्याचं तिकीट मिळवून विमानाने तिकडे गेले. त्यामुळे 'बारा गाण्यांवरून एवढं काय?' हा प्रश्न आई-बाबांना पडतो आणि त्याचं धड उत्तर मुलांनाही देता येत नाही. माझ्या मते या भांडणात गाण्यांचा वाटा निम्माच आहे. उरलेलं भांडण ही बाई नक्की कोण आहे, यावरचं आहे.

आधी हे समजून घेऊ: इथे गाणं एकाच माणसाचं असतं

आपल्या भावगीत-चित्रपटगीतांच्या परंपरेत गाणं तिघांचं असतं. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, गळा तिसऱ्याचा. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं. त्यातली ५६ गीतं गदिमांनी लिहिली, बाबूजींनी चाली दिल्या आणि वेगवेगळ्या गायक-गायिकांनी ती गायली. सीतेचं दुःख गाणाऱ्या गायिकेच्या संसारात काही बिनसलंय का, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

सिंगर-साँगरायटर म्हणजे शब्द, चाल आणि आवाज हे तिन्ही ज्याचं स्वतःचं, असा कलाकार. मदतीला इतर लोक असतात, पण गाण्यातला 'मी' हा गाणाऱ्याचाच 'मी' आहे असं ऐकणारा धरून चालतो. आपल्याला हे अगदीच परकं नाही. तुकोबांच्या अभंगात तुकोबा आहेत, त्यांचं दिवाळं आहे, त्यांची तगमग आहे, आणि शेवटी 'तुका म्हणे' अशी सहीही आहे. आपण अभंग वाचतो तेव्हा माणूसही वाचतो.

स्विफ्टचा पहिला अल्बम २००६ मध्ये आला तेव्हा ती सोळा वर्षांची होती. एवढी पोर स्वतः लिहीत नसणार, अशी कुजबुज व्हायची. २०१० च्या 'स्पीक नाऊ'मधली गाणी तिने कुणाचीही साथ न घेता एकटीने लिहिली. 'माझं गाणं म्हणजे मी' हा करार तिथे पक्का झाला. या कराराचा फायदा मोठा आहे आणि किंमतही. चित्रपटातलं गाणं फसलं तर 'चाल जमली नाही' म्हणून लोक पुढे जातात. इथे गाणं फसलं तर माणूस फसल्यासारखं वाटतं.

पण चाहते इतकं मनावर का घेतात?

१९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकन अभ्यासकांनी टीव्हीच्या प्रेक्षकांबद्दल एक निबंध लिहिला. पडद्यावर रोज दिसणारा माणूस प्रेक्षकाला ओळखीचा, जवळचा वाटू लागतो. त्याला मात्र प्रेक्षकाचा पत्ताही नसतो. या नात्याला त्यांनी दिलेलं नाव मराठीत 'एकतर्फी जवळीक' असं म्हणता येईल.

स्विफ्टने ही जवळीक मन लावून जोपासली आहे. सुरुवातीच्या सीडींसोबतच्या पुस्तिकेत ती गाण्यांचे शब्द छापताना मधली काही अक्षरं मोठ्या लिपीत टाकायची. ती जुळवली की गुप्त निरोप निघायचा. पुढे व्हिडिओत, कपड्यांत, तारखांत खुणा पेरणं सुरू झालं. चाहत्यांनी वर्षानुवर्षं त्या खुणा शोधल्या आणि त्यातून मैत्रिणी जोडल्या. हा खुळेपणा आहे असं मला वाटत नाही. एखाद्या कवीच्या ओळीवर घासाघीस करत बसणारा वाचक याच्यापेक्षा फार वेगळं काही करत नसतो.

अडचण अशी की प्रत्येकाच्या मनातली टेलर वेगळी. कुणाला २००८ ची गिटारवाली खेड्यातली मुलगी भेटली. कुणी २०१४ मध्ये '१९८९' या अल्बमच्या झगमगीत पॉपवर नाचत तिच्यापर्यंत पोचलं. २०२० मध्ये टाळेबंदीत 'फोकलोर' आला: संथ, कथा सांगणारा, जंगलातल्या धुक्यासारखा. तेव्हा आयुष्यात कधी पॉप न ऐकलेले लोकही तिच्याकडे वळले. हे सगळे स्वतःला तिचे चाहते म्हणवतात, पण त्यांची आवड एक नाही. नवा अल्बम यांच्यापैकी एकाच घोळक्याकडे तोंड करून उभा राहू शकतो.

या अल्बममध्ये असं काय होतं?

यासाठी एक अल्बम मागे जावं लागेल. एप्रिल २०२४ मधल्या 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट'मध्ये, मध्यरात्री आलेली पुरवणी धरून, ३१ गाणी होती. दोन तासांचा ऐवज. फार लांबलं, कात्री लावायला हवी होती, ही तक्रार तिच्या कट्टर चाहत्यांनीही केली. ऑगस्ट २०२५ मध्ये नव्या अल्बमची घोषणा करताना तिने सांगितलं की या वेळी बाराच गाणी, एकही जास्त नाही. चाली अशा की डोक्यातून जाणार नाहीत, आणि शब्द नेमके. विषय काय, तर इराझ टूर चालू असताना पडद्यामागे काय घडत होतं ते.

सोबतीला तिने मॅक्स मार्टिन आणि शेलबॅक हे दोन स्वीडिश निर्माते घेतले. '१९८९' आणि 'रेप्युटेशन'मधली तिची गाजलेली पॉप गाणी यांच्याच साथीने झाली होती, पण २०१७ नंतर ते एकत्र आले नव्हते. युरोपातले कार्यक्रम चालू असताना मधल्या दिवसांत ती स्वीडनला जाऊन रेकॉर्डिंग करायची.

मॅक्स मार्टिनच्या पद्धतीत पहिला मान चालीला. प्रत्येक अक्षर चालीच्या साच्यात चपखल बसलं पाहिजे, मग अर्थाला थोडं सरकून घ्यावं लागलं तरी चालेल. या पद्धतीने त्याने गेली पंचवीस-तीस वर्षं अमेरिकेची गाणी घडवली. 'फोकलोर'च्या वाटेने आलेला श्रोता मात्र शब्दांसाठी आलेला आहे. त्याला लांब वाक्यं हवीत, आडवळणाची प्रतिमा हवी. '१९८९' वाला श्रोता तीन मिनिटांत खूश. एकच गाणं या दोघांनी ऐकलं आणि दोघांनीही प्रामाणिकपणे आपलं मत सांगितलं, तरी ते उलटसुलटच येणार.

त्यात वचनाचा प्रश्न. ज्यांनी 'पडद्यामागचं' हा शब्द मनात धरला होता, त्यांना दौऱ्याचा थकवा, गर्दीतलं एकटेपण, दुखणारे पाय अपेक्षित होते. मिळालं ते बरंचसं नव्या प्रेमाचं सुख, काही जुने हिशेब आणि थोडा चावटपणा. ही तक्रार मला रास्त वाटते. शेवटचं शीर्षकगीत सोडलं तर शोगर्लचं जगणं फारसं दिसत नाही. हाच अल्बम दुसऱ्या नावाने आला असता तर निम्मी नाराजी झालीच नसती.

एक गाणं जवळून पाहू

भांडण सर्वात पेटलं ते 'एल्डेस्ट डॉटर' या पाचव्या गाण्यावरून. तिच्या अल्बममधलं पाचवं गाणं सर्वात हळवं असतं अशी चाहत्यांची ठाम समजूत आहे, त्यामुळे सगळे कान टवकारून बसले होते. पियानो सुरू होतो, आवाज मऊ आहे, आणि त्या मऊ आवाजात इंटरनेटवरच्या पोरांची बोली येते, तीही थोडी शिळी झालेली. कित्येकांना तिथेच कसंतरी झालं. पस्तिशीतल्या बाईने पंधरा वर्षांच्या मुलीसारखं का बोलावं?

दुसरी बाजू म्हणते, गाण्याचा विषयच तो आहे. आजकाल सगळ्यांना बेफिकीर दिसायचंय, मीही ते सोंग केलं, पण मी तशी नाही. सोंग दाखवायचं तर सोंगाची भाषा यायलाच हवी. पुढे त्याच गाण्यात लहानपणी कुणाच्या तरी परसात ट्रॅम्पोलिनवर उड्या मारताना पडून हात मोडल्याची आठवण येते. तेव्हापासून जपून वागायची सवय लागली, असा तिचा रोख. थोरली लेक घरातली पहिली बळी जाते, म्हणून ती कठोर असल्याचा आव आणते, हा गाण्याचा गाभा आहे. आणि घरात थोरली असलेल्या कितीतरी बायकांना तो कुणी समजावून सांगावा लागला नाही.

मला विचाराल तर हेतू खरा आहे, पण सुरुवातीचे शब्द तो हेतू पेलत नाहीत. सोंग चालू आहे हे ऐकणाऱ्याला तिथल्या तिथे कळायला हवं होतं. ट्रॅम्पोलिनचा भाग मात्र तिच्या उत्तम लेखनाच्या तोडीचा आहे. त्याआधीच गाणं बंद करणाऱ्यांनी स्वतःचंच नुकसान केलं.

४० लाख लोकांनी घेतला, म्हणजे चांगलाच असणार ना?

हा आकडा कसा तयार होतो ते बघायला हवं. आता गाणी प्रामुख्याने फोनवर ऐकली जातात, त्यामुळे अमेरिकेत खरेदी आणि ऐकणं एकत्र करून एक बेरीज मांडतात. अल्बमची एक विक्री म्हणजे एक. एखाद्या अल्बममधली सुटी दहा गाणी विकत घेतली गेली तर तेही एक. तेव्हाच्या नियमाप्रमाणे पैसे भरलेल्या खात्यांवरून १,२५० वेळा किंवा जाहिरातींसह ३,७५० वेळा गाणी ऐकली गेली, तर तेही एक.

शोगर्लच्या बेरजेत सुमारे ३४ लाख ८० हजार ही थेट खरेदी होती. म्हणजे शंभरातले सत्त्याऐंशी. वेगवेगळी मुखपृष्ठं, वेगवेगळ्या रंगांच्या तबकड्या, कुठे दोन गाण्यांची जास्तीची आवृत्ती, असे तीसहून अधिक प्रकार बाजारात होते. एका चाहतीने चार प्रकार घेतले तर चार विक्री. आणि अनेकांनी एक सूरही ऐकण्याआधीच नोंदणी केलेली. त्यामुळे हा आकडा माणसं तिच्यावर किती जीव टाकतात ते सांगतो. ही बारा गाणी कशी आहेत ते तो सांगू शकत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. 'द फेट ऑफ ऑफिलिया' हे पहिलं गाणं अमेरिकेच्या यादीत अनेक आठवडे पहिलं राहिलं. तबकड्या विकून हे साधत नाही, त्यासाठी लोकांनी गाणं पुन्हा पुन्हा लावावं लागतं. तेव्हा 'सगळा बाजाराचा खेळ' म्हणणाऱ्यांचंही पूर्ण खरं नाही. प्रकार वाढवून एकाच चाहत्याच्या खिशात पुन्हा पुन्हा हात घालणं मला मात्र पटत नाही, कारण त्यात शाळकरी पोरींचा खाऊचा पैसा असतो.

सरासरी काढली तर?

वेगवेगळ्या परीक्षणांचे गुण जमा करून शंभरपैकी एक आकडा देणारी संकेतस्थळं आहेत. अशा ठिकाणी शोगर्ल सत्तरीच्या आसपास रेंगाळला. आकडा बघून वाटतं, बरा असेल, मध्यम असेल. पण समजा पंगतीला आमटी वाढली आणि तळाशी मीठ साचलेलं राहिलं. निम्मे म्हणतील अळणी, निम्मे म्हणतील खारट, आणि सरासरी काढणारा लिहील, 'मीठ बेताचं'. त्या पंगतीत बेताचं मीठ एकाच्याही पानात नव्हतं.

पाच तारे आणि दोन तारे यांची सरासरी साडेतीन. साडेतीन ताऱ्यांचं मत असणारे लोक या भांडणात जवळपास नव्हतेच. म्हणून अशा वेळी आकडा बाजूला ठेवून पाच देणाऱ्याचं आणि दोन देणाऱ्याचं अशी दोन परीक्षणं पूर्ण वाचावीत. दोघंही बहुधा त्याच चार गाण्यांबद्दल बोलत असतात.

नावं ठेवणारे सगळे तिच्यावर जळतात का?

काही जळतात, यात शंका नाही. तरुण बाई स्वतःच्या प्रेमभंगावर लिहिते म्हणून जितकी हेटाळणी झाली, तितकी त्याच विषयावर लिहिणाऱ्या पुरुषांची झाली नाही. त्यामुळे तिचे चाहते टीका दिसली की बाह्या सरसावतात, ते समजण्यासारखं आहे.

पण ढाल उगारायची सवय लागली की समोरच्याच्या हातात काठी आहे की नुसतं कागद-पेन, हे बघायचं राहून जातं. २०२४ मध्ये 'पेस्ट' या अमेरिकन मासिकाने तिच्या अल्बमचं परीक्षण लेखकाच्या नावाशिवाय छापलं. २०१९ मध्ये तिच्याच एका अल्बमवर लिहिणाऱ्याला हिंसेच्या धमक्या आल्या होत्या, असं कारण त्यांनी दिलं. गाण्यांबद्दल दोन वाकडे शब्द लिहिले म्हणून कुणाला नाव लपवावं लागत असेल, तर ते प्रेम उरत नाही. यात चाहत्यांचंही नुकसान आहे. कारण धमक्यांना भिऊन लिहिलेलं कौतुक कुणी खरं मानत नाही, अगदी कौतुक खरं असलं तरी.

स्वतः स्विफ्टने शोगर्ल आल्यावर एका मुलाखतीत मत देणाऱ्यांबद्दल आदर दाखवला. कलेचं पोलिसपण आपल्याकडे नाही, आणि पहिल्या आठवड्यात माझं नाव कुणीही घेत असेल तरी ते मदतच करतंय, अशा आशयाचं ती बोलली. दुसऱ्या वाक्यात मुरलेली व्यावसायिक दिसते.

सुखात असलेल्या माणसाला चांगलं गाणं सुचत नाही?

हा सर्वात लोकप्रिय आक्षेप. ऑगस्ट २०२५ मध्ये तिचा साखरपुडा जाहीर झाला, त्याआधी मे महिन्यात तिने पहिल्या सहा अल्बमची मूळ ध्वनिमुद्रणं परत विकत घेतली. सगळं मिळालं, आता लिहिणार काय, असा सूर लागला. त्यामागे 'गाणं म्हणजे दुःखाचा हुंकार' ही जुनी समजूत आहे. ती खरी असती तर पाडगावकरांनी लिहिलेलं निम्मं बाद करावं लागेल.

अल्बममध्येच याचं उत्तर आहे. 'फादर फिगर' हे गाणं ब्रिटिश गायक जॉर्ज मायकलच्या १९८७ च्या गाण्याचा धागा रीतसर श्रेय देऊन घेतं आणि त्यावर धंद्यातली सत्ता, आश्रय देणारा आणि आश्रित यांचं नातं उभं करतं. पोरीला हाताशी धरणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा आवाज हळूहळू तिचा स्वतःचा होतो. २०१९ मध्ये तिची मूळ ध्वनिमुद्रणं तिच्या मनाविरुद्ध विकली गेली, तिने चार जुने अल्बम नव्याने गाऊन काढले, आणि शेवटी मूळही परत मिळवलं, हा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याच्या अंगावर काटा येतो. हे गाणं सुखी, श्रीमंत, जिंकलेल्या बाईचं आहे आणि माझ्या मते अल्बममधलं सर्वात चांगलं आहे. जिथे ती जिंकल्यावर काय होतं ते निरखून बघते तिथे गाणं उभं राहतं. जिथे नुसतं 'मी सुखात आहे' एवढंच सांगते तिथे ऐकणाऱ्याला शिरायला जागा राहत नाही.

असं पूर्वीही व्हायचं का?

याहून वाईट व्हायचं. अमेरिकन गायक बॉब डिलन गिटार आणि माउथ ऑर्गन घेऊन एकट्याने गायचा, तेव्हा चळवळीतल्या तरुणांचा तो आवाज होता. २५ जुलै १९६५ रोजी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो इलेक्ट्रिक गिटार घेऊन आला आणि प्रेक्षकांमधून हुर्यो झाली. पुढच्या वर्षी १७ मे रोजी मँचेस्टरमध्ये एकाने भर कार्यक्रमात 'ज्युडास' अशी आरोळी ठोकली. येशूला धरून देणाऱ्या शिष्याचं हे नाव. डिलनने 'माझा तुझ्यावर विश्वास नाही, तू खोटारडा आहेस' असं सुनावलं आणि साथीदारांना आवाज वाढवायला सांगून गाणं सुरू केलं. त्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण आज मानाने ऐकलं जातं.

आरोळी कुठली निवडली गेली ते बघा. 'बेसूर' नव्हे, 'विश्वासघातकी'. साठ वर्षांनी स्विफ्टच्या चाहत्यांनी वापरलेले शब्द सौम्य आहेत, तक्रार तीच आहे: तू आमचा होतास, तू बदललास.

यावरून 'काळच ठरवेल, आज नावं ठेवणारे उद्या माफी मागतील' असा निष्कर्ष काढायला मी तयार नाही. डिलनचाच १९७० चा 'सेल्फ पोर्ट्रेट' आला तेव्हा लोक चक्रावले आणि आजही तो त्याच्या थोर कामात कुणी मोजत नाही. स्विफ्टचा २०१७ चा 'रेप्युटेशन' मात्र सुरुवातीला अनेकांना कर्कश वाटला आणि नंतर त्याचं प्रेम वाढतच गेलं. दोन्ही होतं. पहिल्या आठवड्यात एवढंच कळतं की कुणाची अपेक्षा मोडली. गाणं टिकेल की नाही ते आठवड्यात कळत नाही.

मग आम्ही ऐकावं का, आणि कुठून सुरुवात करावी?

ज्यांनी तिला कधीच ऐकलं नाही त्यांना माझा सल्ला आहे की शोगर्लपासून सुरुवात करू नका. ही गाणी मागचा पंधरा-वीस वर्षांचा परिचय गृहीत धरतात. आधी 'फोकलोर' ऐका, एखाद्या रविवारी दुपारी, सलग. मग '१९८९'. त्यानंतर शोगर्लमधली तीनच गाणी लावा: 'द फेट ऑफ ऑफिलिया', 'फादर फिगर' आणि 'एल्डेस्ट डॉटर'. शेवटचं पूर्ण ऐका, मध्ये थांबू नका.

आणि घरात मुलगी किंवा मुलगा स्विफ्टचा चाहता असेल, तर 'तुला हा अल्बम आवडला का' असं न विचारता 'तू तिला कुठल्या अल्बमपासून ऐकायला लागलीस' असं विचारून बघा. बहुतेक वेळा त्यावरूनच कळतं की या बारा गाण्यांबद्दल तिचं मत काय असणार.